लाल पानांचा प्रवासी : कार्ल पीटर थुनबर्ग

आमच्या घराच्या कुडाला एक जुने कॅलेंडर टांगलेले आहे. त्यातले महिने केव्हाच संपले. पण वरचे चित्र चांगले म्हणून बाबांनी ते काढले नाही. चित्रात एक छोटे तळे आहे, काठावर दगड आहेत, मागे काळपट हिरवी झाडी आहे आणि त्या झाडीपुढे एकच लालभडक झाड उभे आहे. मायने ते चित्र आणले त्याच दिवशी पाहिले आणि हे कुसुमाचे झाड आहे असे ठरवून टाकले. झाडीपट्टीतल्या माणसाला लाल पानांचे झाड म्हटले की कुसुमच आठवणार. फाल्गुन-चैत्रात साऱ्या रानाची पाने झडलेली असतात, तेव्हा कुसुमाला तांबडी, लुसलुशीत पालवी फुटते आणि दुरून पाहणाऱ्याला झाड पेटल्याचा भास होतो.

मी कॉलेजात आले, तेव्हा ग्रंथालयातल्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात मला तेच झाड पुन्हा भेटले. ते कुसुम नव्हते. तो जपानी मॅपल होता, आणि त्याच्या शास्त्रीय नावापुढे ज्या माणसाचे नाव होते तो होता कार्ल पीटर थुनबर्ग. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्या माणसाविषयी जे मिळेल ते वाचत गेले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; इंग्रजीचे एक पान वाचायला मला एक संध्याकाळ लागते. तरीही मी वाचले, आणि जे कळले ते आपणां सर्वांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

थुनबर्गचा जन्म ११ नोव्हेंबर १७४३ रोजी स्वीडनमधील यंशेपिंग या गावी झाला. घर व्यापाऱ्याचे, साधे. तो लहान असतानाच वडील वारले. आईने दुकान सांभाळले, पुढे तिने दुसरे लग्न केले आणि मुलाला शिकवले. वयाच्या अठराव्या वर्षी, १७६१ साली, तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला. त्या वेळी उप्साला म्हणजे वनस्पतिशास्त्राची काशीच होती, कारण तेथे कार्ल लिनिअस शिकवीत होता. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे लॅटिन नाव देण्याची पद्धत त्यानेच रूढ केली. लिनिअस आपल्या हुशार विद्यार्थ्यांना दूरदूरच्या देशांत वनस्पती गोळा करायला पाठवी. त्यांतले कित्येक परत आलेच नाहीत. ताप, वादळ, परक्या मुलुखातले आजार यांनी ते वाटेतच गेले. हे सर्व ठाऊक असूनही थुनबर्गने तीच वाट धरली.

१७७० साली तो वैद्यकाच्या पुढील अभ्यासासाठी पॅरिसला निघाला. वाटेत हॉलंडमध्ये योहानेस बुरमन या वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याची ओळख झाली, आणि येथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. अॅमस्टरडॅममधील काही धनिकांना बागेचा मोठा शौक होता. जपानमधील शोभेची झाडे आपल्या बागेत असावीत असे त्यांना वाटे. परंतु जपानची दारे त्या काळी परकीयांना बंद होती. युरोपियनांपैकी फक्त डच ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांना नागासाकीच्या बंदरात उतरता येई. थुनबर्ग स्वीडिश. तेव्हा त्याने आधी डच भाषा शिकावी, कंपनीचा शल्यवैद्य व्हावे आणि डच म्हणूनच जपानात शिरावे असे ठरले. म्हणजे एका अर्थी जपानी मॅपलची ही सारी कथा श्रीमंतांच्या घरबागेच्या हौसेतून सुरू झाली. त्या हौसेच्या पैशावर एका दुकानदारणीचा मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाला.

१७७२ च्या एप्रिलमध्ये तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला केप येथे उतरला. तीन वर्षे तेथे राहून त्याने डच भाषा पक्की केली आणि आतल्या मुलुखात तीन मोठे प्रवास केले. एका प्रवासात रानरेड्याने त्याच्या टोळीवर चाल करून घोडे मारले. ताडोब्याच्या आसपास राहणाऱ्यांना गव्याची धास्ती ठाऊक आहे. त्यांना हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते, ते या तीन वर्षांच्या कामामुळे. पण एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या कंपनीच्या जहाजातून तो फिरला, ती कंपनी मसाल्यांबरोबर गुलामांचाही व्यापार करीत होती. थुनबर्ग मोठा होता; पण ज्या गाडीत तो बसला होता ती कोणाच्या खांद्यावर चालली होती, हेही पाहिले पाहिजे.

१७७५ च्या ऑगस्टमध्ये तो जावाहून नागासाकीला पोचला. तेथे समुद्रात भर घालून केलेले देजिमा नावाचे दोन-तीन एकरांचे बेट होते. किनाऱ्याशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. डच लोकांनी त्या बेटावरच राहावे, परवानगीशिवाय पूल ओलांडू नये असा नियम होता. समोर डोंगर दिसत होते, डोंगरावर झाडे होती, आणि झाडांसाठी अर्धे जग ओलांडून आलेला हा माणूस पंखाच्या आकाराच्या त्या बेटावर कोंडला गेला. पहिली शरद ऋतूची पानगळ त्याने तशीच काढली.

आता त्याने काय करावे? त्याने जे केले ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. बेटावर बकऱ्या आणि इतर जनावरे पाळलेली होती. त्यांच्यासाठी जपानी नोकर रोज किनाऱ्यावरून चारा आणीत. थुनबर्ग दिवसातून तीन तीन वेळा त्या चाऱ्यापाशी बसे आणि जनावरांच्या तोंडी जाण्यापूर्वी एक एक काडी वेचून पाही. नवीन पान, नवीन फूल सापडले की कागदात दाबून ठेवी. ज्या देशात त्याला पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्या देशाची वनस्पती तो बकरीच्या चाऱ्यातून वाचीत होता.

दुसरा मार्ग दुभाष्यांचा. नागासाकीचे दुभाषे हुशार होते. त्यांतले काही वैद्यकीही करीत. थुनबर्गने त्यांना युरोपियन वैद्यक शिकवले, विशेषतः उपदंशावर पाऱ्याच्या औषधाचा उपचार. पारा विषारी आहे हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्या काळी या रोगावर युरोपातही तोच इलाज होता. या विद्येच्या बदल्यात दुभाषे त्याला डोंगरावरची झाडे, बिया, नाणी आणून देत. ही देवाणघेवाण गुपचूप चाले.

बाहेर जाण्याच्या परवानगीसाठी त्याने केलेला अर्जही वाचण्यासारखा आहे. परवानगी मिळाली, मग काढून घेण्यात आली. कारण काय, तर पूर्वी एकदा अशी परवानगी दिली होती ती दुय्यम शल्यवैद्याला. थुनबर्ग तर मुख्य शल्यवैद्य, तेव्हा त्याला ती लागू होत नाही! शेवटी मुख्य वैद्यही कधीकाळी दुय्यमच असतो, अशी समजूत घालून काम झाले. कचेऱ्यांचे हेलपाटे सर्व काळी आणि सर्व देशांत सारखेच असावेत. १७७६ च्या फेब्रुवारीत तो प्रथम नागासाकीच्या टेकड्यांवर गेला. त्याच्या मागे अधिकारी, दुभाषे, नोकर असे वीस-तीस जण असत आणि त्या सर्वांच्या खाण्यापिण्याचा खर्च त्यालाच करावा लागे.

दरवर्षी डच प्रमुखाने एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे जाऊन शोगुनपुढे नजराणा ठेवण्याची प्रथा होती. १७७६ च्या मार्चमध्ये निघालेल्या या लवाजम्यात थुनबर्ग वैद्य म्हणून गेला. प्रवास मेण्यातून. सपाट मुलुखात त्याची निराशा झाली. जपानी शेतकरी इतक्या निगुतीने निंदण करीत की शेतात त्याला एक तण सापडेना! मात्र हाकोनेचा घाट लागला तेव्हा तो मेण्यातून उतरला आणि झपाझप डोंगर चढू लागला. त्याच्यावर नजर ठेवायला नेमलेली माणसे धापा टाकीत मागे धावत होती आणि तो दोन्ही हातांनी फांद्या गोळा करीत होता. मे महिन्यात एदोला शोगुन इएहारूपुढे मुजरा झाला. तेथे काटसुरागावा होशू आणि नाकागावा जुनान हे दोन तरुण वैद्य रोज त्याच्याकडे येत. शरीररचनेवरील डच पुस्तकाचे जपानी भाषांतर १७७४ साली प्रसिद्ध झाले, त्या कामात या दोघांचा हात होता. ते थुनबर्गकडून शिकले, त्याला शिकवले, आणि तो स्वीडनला परतल्यावरही पत्रे लिहीत राहिले.

परतीच्या वाटेवर ओसाका येथे त्याने जवळचे पैसे खर्चून कुंड्यांतली झाडे विकत घेतली. त्यांत मॅपलची सुंदर रोपे होती, आणि बाहेर नेण्यास सक्त मनाई असलेले सायकसही होते. ही रोपे त्याने अॅमस्टरडॅमच्या बागेकडे रवाना केली.

येथे थोडे थांबून त्या झाडाविषयी सांगते. जपानी मॅपल हे डोंगरातल्या थंड, ओलसर सावलीत वाढणारे लहानखुरे झाड आहे. पान पंजासारखे, पाच-सात टोकांचे. थंडी सुरू झाली की पानातले हिरवे द्रव्य मोडू लागते, त्याने झाकलेला पिवळा रंग वर येतो. आणि दिवस उन्हाचे व रात्री गार असल्या तर पानात साचलेल्या साखरेपासून नवे तांबडे द्रव्य तयार होते. म्हणजे मॅपलची लाली जाणाऱ्या पानाची, तर आपल्या कुसुमाची लाली येणाऱ्या पानाची. कुसुमाच्या कोवळ्या पानात हिरवे द्रव्य भरण्याआधी तेच तांबडे द्रव्य असते. द्रव्य एक, पण एक झाड निरोप घेताना लाल होते आणि दुसरे जन्मताना. मायने कॅलेंडर पाहून बांधलेला अंदाज अगदीच चुकीचा नव्हता, हे मला त्या दिवशी कळले.

घरच्या बागेत मॅपल लावण्याचे जपानी लोकांचे काही ठोकताळे आहेत. लाल झाडांची गर्दी करायची नाही. एखादेच झाड लावायचे आणि त्याच्यामागे देवदार-चीडासारखी सदा हिरवी, गडद झाडी ठेवायची, म्हणजे रंग उठून दिसतो. पानांच्या पाठीमागून ऊन यावे अशी जागा निवडायची. दुपारच्या कडक उन्हापासून आडोसा द्यायचा, कारण मुळे वरवर असतात आणि पानांच्या कडा करपतात. जवळ पाणी असेल तर उत्तम, रंग दुप्पट होतो. पिवळे पडणारे, शेंदरी होणारे, उन्हाळाभर जांभळट राहणारे असे प्रकार पुढेमागे लावले की रंग एकदम न येता क्रमाने येतात. थुनबर्ग जपानात पोचण्याच्या पासष्ट वर्षे आधी, १७१० साली, एदोच्या इतो इहेइ नावाच्या बागवानाने मॅपलच्या छत्तीस प्रकारांची यादी पुस्तकात दिली होती. तेव्हा थुनबर्गने जपानी मॅपल शोधून काढला असे म्हणणे बरोबर नाही. जपानी लोक ते झाड शतकानुशतके लावीत होते, त्याचे रंग पाहायला डोंगरात जात होते. थुनबर्गने ते जगाच्या वहीत नोंदवले.

१७७६ अखेर तो जपानहून निघाला. जावा, लंका, हॉलंड, इंग्लंड करीत १७७९ साली मायदेशी पोचला, तेव्हा त्याला निघून नऊ वर्षे झाली होती. ज्या गुरूला तो सारे दाखवणार होता तो लिनिअस १७७८ च्या जानेवारीतच वारला होता. मला त्याच्या चरित्रातला हा सर्वांत दुःखाचा प्रसंग वाटतो. पेट्या भरून झाडे आणली, पण उघडून दाखवायची कोणाला? त्याने शोक धरून न बसता काम सुरू केले. १७८४ साली तो लिनिअसच्याच आसनावर प्राध्यापक म्हणून बसला आणि त्याच वर्षी ‘फ्लोरा यापोनिका’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात जपानच्या सुमारे आठशे वनस्पतींचे वर्णन आहे, आणि त्यात आपल्या कॅलेंडरातले झाडही आहे. नाव दिले एसर पाल्माटुम. पाल्माटुम म्हणजे तळहातासारखे. गंमत अशी की जपानी भाषेत मॅपलला काएदे म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ बेडकाचा हात असे आहे. नागासाकीच्या खेडुताला त्या पानात जे दिसले तेच उप्सालाच्या पंडितालाही दिसले. फरक एवढाच की पंडिताचे नाव पुस्तकात छापले गेले.

पुढची चव्वेचाळीस वर्षे त्याने उप्सालातच शिकवले. आपला सत्तावीस हजारांहून अधिक वनस्पतींचा संग्रह त्याने विद्यापीठाला दिला. राजाने दिलेल्या किल्ल्याच्या बागेत नवे वनस्पती-उद्यान त्याच्या देखरेखीखाली उभे राहिले. ८ ऑगस्ट १८२८ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो वारला. त्याच्या काही वर्षे आधी, १८२० च्या सुमारास, जपानी मॅपल इंग्लंडच्या बागांत पोचला होता. बंगल्यांच्या मांडवांवर निळ्या-पांढऱ्या फुलांची थनबर्जिया नावाची वेल आपण पाहतो, तिला याच माणसाचे नाव दिलेले आहे. मॅपल आपल्याकडे जगायचा नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या वर जातो, तेथे त्या नाजूक पानांचा कोळसा होईल. पण थुनबर्ग मात्र वेलीच्या रूपाने आपल्या दारापर्यंत आला आहे.

आता थोडे स्वतःविषयी, कारण त्याशिवाय हा लेख लिहिण्याचे कारण पुरे होत नाही. वसतिगृहात मैत्रिणींनी घरची विचारपूस केली की मी शेती आहे एवढेच सांगत असे. माय रानातून मोळी आणते, बकऱ्यांसाठी चारा कापते, उन्हाळ्यात आम्ही सारे तेंदूपत्ता तोडून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतो आणि फळीवर नेतो, हे मी सांगत नसे. मला त्याची लाज वाटे. थुनबर्ग बकऱ्यांच्या चाऱ्यापाशी बसलेला मी वाचला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याचा नव्हे, तर चारा आणणाऱ्यांचा. पुलावरून रोज भारे घेऊन येणारी ती माणसे कोण होती? कोणती काडी कोणत्या उतारावर उगवते हे त्यांना ठाऊक होते. त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत.

दिवाळीच्या सुटीत घरी गेले तेव्हा मायने आणलेला भारा मी अंगणात सोडला आणि एकेक काडी तिच्यापुढे धरली. कुसळी, कुंदा, पवना, हरळी, लव्हाळा, तरोटा... ती सांगत गेली, मी वहीत लिहीत गेले. कोणते गवत बकरी आधी खाते, कोणते फुलोऱ्यावर आले की तोंड लावत नाही, कोणते पाण्याची जागा दाखवते, हेही तिने सांगितले. एका भाऱ्यात एकवीस नावे निघाली. त्यांतली चार मला माहीत होती. मायला सही करता येते, वाचता येत नाही. हे कशाला लिहितेस असे तिने विचारले, तेव्हा मला पटकन उत्तर देता आले नाही.

त्याच सुटीत आणखी एक प्रश्न उभा होता. घरकुलाचे बांधकाम काढायचे होते आणि वाडीतले कुसुमाचे झाड आड येत होते. बाबांनी ते पाडायचे ठरवले होते. मी कागदावर वाडीचा नकाशा काढला. कुसुमाच्या मागे आंब्याची गडद झाडी आहेच. म्हणजे जपानी बागवानाने मुद्दाम करावी अशी रचना आमच्या वाडीत आपोआप झालेली. कुंपणाला पळस आहे, तो शिमग्याला केशरी होतो. चैत्रात कुसुम लाल होतो. एक बहावा आणून लावला तर वैशाखात पिवळा रंग येईल. खर्च काही नाही, फक्त भिंत चार हात सरकवायची. बाबांनी नकाशा उलटसुलट पाहिला आणि रंगाने पोट भरते का असे विचारले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. भिंत सरकवली तर एक खोली लहान होणार होती. तेव्हा मायच मध्ये पडली. कुसुमाचे बी तेलाला येते, त्यावरची लाख चांगली होते, बकऱ्या उन्हात कोठे बसतील, असे तिने एकामागून एक सांगितले. रंगाविषयी ती काही बोलली नाही. फक्त कॅलेंडराकडे एकदा पाहिले. भिंत सरकली. खोली लहान झाली. कुसुम उभा आहे.

वाचकहो, मोठ्या माणसाचे चरित्र वाचून आपण त्याच्यासारखे व्हावे असे शाळेत शिकवले जाते. मी थुनबर्ग होणार नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आहे आणि समुद्रही अजून पाहिलेला नाही. पण त्याच्याकडून एक गोष्ट घेतली आहे. समोरचा डोंगर बंद असेल तर दारात आलेला चारा नीट पाहावा. आणि जे त्याच्याकडून राहून गेले तेही करण्याचा माझा प्रयत्न आहे. माझ्या वहीत आता बावन्न गवतांची नावे झाली आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर मी मायचे नाव लिहिले आहे.